बिनओरखड्याचा चष्मा

प्रफुल्ल रामटेके त्या सकाळी चष्म्यावर बसला. नुसता टेकला नाही, चांगला ऐसपैस, पंगतीत बसावं तसा बसला, आणि खालून पापड मोडल्यासारखा आवाज आला.

आता चष्म्यावर बसणारी माणसं घरोघरी आहेत, त्यात काय एवढं? पण प्रफुल्ल पडला डोळे तपासणारा माणूस. गोंदियातल्या एका संस्थेच्या गाडीतून तो सालेकसा भागातल्या शाळा-शाळांतून हिंडतो, पोरांचे डोळे तपासतो, नंबर काढतो, चष्मे वाटतो, आणि वाटताना प्रत्येक आईला तोच उपदेश करतो: काच खाली करून ठेवू नका, पोराच्या दप्तरात कोंबू नका, कोणी बसेल अशा जागी तर मुळीच ठेवू नका. दरेकस्याच्या डोंगराखालच्या या शाळेत तो चष्मा बाकावर ठेवला कोणी? त्यानेच. बसलं कोण? तोच. आणि कहर म्हणजे बसायच्या अगदी आधी तोच चष्मा त्याने हात उंच करून जमलेल्या आयांना दाखवला होता.

“हे बघा! याला म्हणतात सांभाळणं. उन्हाळ्यात दिलेला चष्मा, आता धान निघालं तरी एक ओरखडा नाही. एक ओरखडा दाखवा, आमचा टेकचंद तुम्हाला गाडीतून घरापर्यंत सोडून देईल. शिका जरा मंगलीताईंकडून!”

आयांनी मंगलीकडे पाहिलं. मंगलीने जमिनीकडे पाहिलं. प्रफुल्ल समाधानाने बसला.

“सर,” दारात उभा असलेला ड्रायव्हर टेकचंद म्हणाला, “उठू नका. उठले त दिसन.”

वर्गभर पदराआडून हसू फुटलं. प्रफुल्लही हसला, कारण लोक हसले की हसायचं हा त्याचा स्वभावच होता. पण कान मात्र लाल झाले. हसली नाही ती एकटी मंगली. ती पुढे आली, बाकावरचे तुकडे एकेक करून पदरात घेतले, आणि आपल्या सहा वर्षांच्या लेकीला, गुंजनला, पोटाशी धरून पुन्हा भिंतीला टेकून उभी राहिली. तिने शिव्या दिल्या असत्या तर प्रफुल्लला बरं वाटलं असतं.

मंगलीचं बोलणं मुळातच मोजकं. गोंडी घरातली, डोंगराच्या कडेच्या पाड्यावर राहणारी, वयाने प्रफुल्लहून लहान. पण तिच्यासमोर उभं राहिलं की प्रफुल्लला शाळेतल्या पीटीच्या मास्तरांसमोर उभं राहिल्यासारखं वाटे. उन्हाळ्याच्या तोंडी मोहफुलं वेचायची, मग तेंदूपत्ता तोडायचा, पावसात लोकांच्या बांधीत धानाचं रोवणं करायचं, हिवाळ्यात जंगल खात्याचं जे निघेल ते काम. नवरा केबल टाकणाऱ्या टोळीबरोबर कधी तेलंगणात, कधी त्याच्याही पलीकडे. फोन करतो तेव्हा पहिला प्रश्न एकच विचारतो, “पोट्टीले दिसते का?” मंगली म्हणते, “दिसते.” आणि फोन ठेवते.

गुंजनला दिसत नाही हे मंगलीला कळलं ते मोहाखाली. पोर नुकती चालायला लागलेली. इतरांची लेकरं पडलेलं फूल बघून धावायची, गुंजन पाचोळ्यावरून हात फिरवत फिरवत जायची आणि हाताला लागलं की उचलायची. सासूला वाटलं, पोरगी मोठी शिस्तीची आहे, एकही फूल सोडत नाही. मंगलीने तिचं तोंड उन्हाकडे धरलं. दोन्ही बाहुल्यांत पांढरं होतं, तांदळाच्या पाण्यासारखं. डोळ्यात फूल पडलं, असं पाड्यावर सगळे म्हणाले. हे जन्माचंच असतं, राहू दे, असंही म्हणाले. मंगलीने पोर पाठीला बांधली आणि तपासणीची गाडी आली होती तिथपर्यंत उतरून आली. प्रफुल्लची आणि तिची ओळख तिथली.

नागपूरच्या दवाखान्यात प्रफुल्लच घेऊन गेला त्यांना. तिथे कागदपत्रं मागितली तर मंगलीने फडक्यातून रेशनकार्ड आणि आधारकार्ड काढून टेबलावर ठेवलं, आणि त्यांच्याबरोबर टेबलभर तांदूळ सांडले. टेबलामागची बाई वैतागली.

“ये क्या है?”

“तांदूळ,” मंगली म्हणाली.

तिच्या घरी एक पत्र्याचा डबा आहे, कडीचा. घरात जे काही मोलाचं, ते त्या डब्यात तांदळाच्या पोटात जातं. कागद, चांदीचे वाळे, नवऱ्याचा लग्नातला फोटो, सगळं. उंदीर पोचत नाही, ओल लागत नाही, आणि घरात येणाऱ्याची नजर पडत नाही. प्रफुल्लने ही गोष्ट पुढे कितीतरी जणांना हसवत सांगितली. गोष्ट चांगलीच होती. आणि चांगली गोष्ट हाताशी आली की गप्प बसणं त्याला जमत नसे.

ऑपरेशनच्या आधी तिथल्या डॉक्टरांनी मंगलीला समजावलं, की खराब झालेलं भिंग काढून त्या जागी प्लास्टिकची लेन्स बसवायची. मंगलीने लेन्सची डबी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली.

“जंग लागते काय इले?”

“नाही हो, प्लास्टिक आहे. जन्मभर राहते.”

“कोणाच्या जन्मभर? पोट्टीच्या का माह्या?”

डॉक्टर हसले, प्रफुल्ल हसला. मंगलीला उत्तर हवं होतं. “पोरीच्या,” असं ऐकल्यावरच तिने अंगठा उठवला. उजवा डोळा तेव्हा झाला. डाव्यासाठी बोलावलं होतं ते रोवणीच्या दिवसांत. मंगलीच्या हातची मजुरी गेली तर घरात चूल नाही, म्हणून डावा मागे पडला, झाला तो कितीतरी उशिरा, आणि मागे पडलेला डोळा शाळेत मागे पडलेल्या पोरासारखाच असतो, त्याला नंतर कितीही शिकवा, तो मागच्याच बाकावर बसू बघतो.

लेन्स बसली म्हणजे काम संपलं, असं पाड्यावर सगळ्यांना वाटलं. खरं काम तिथून सुरू होतं. ही बसवलेली लेन्स जवळचं-लांबचं आपोआप जुळवून घेत नाही, म्हणून चष्मा लागतोच, आणि तोही दुमजली: वरच्या मजल्यावरून फळा, खालच्या मजल्यावरून पाटी. शिवाय पोर वाढतं तसा डोळा वाढतो, लेन्स मात्र होती तेवढीच राहते. म्हणून चष्म्याचा नंबर थोड्याथोड्या महिन्यांनी सरकत राहतो. तो सरकला की पकडायचा आणि नवीन काच द्यायची. पोर सात-आठ वर्षांचं होईतो डोळा आणि मेंदू एकमेकांची ओळख करून घेतात. तेवढ्यात झाली ती ओळख. पुढे मग डोळा नुसता शोभेला.

आणि नंबर काढायचा कसा? प्रफुल्लकडे दांडीची बॅटरी होती. खोलीत अंधार करायचा, बॅटरीची तिरीप बाहुलीत टाकायची, एकेक काच डोळ्यासमोर धरून आतली चमक कशी हलते ते बघायचं. मोठी पोरं बसतात शहाण्यासारखी. गुंजनच्या लेखी मात्र अंधारात उजेड घेऊन जवळ येणारा माणूस म्हणजे सुई. ती किंचाळायची, डोळे गच्च मिटायची, आणि एकदा तर चावली. प्रफुल्लच्या अंगठ्यावर तिच्या दुधाच्या दातांची खूण अजून आहे, आणि तिचीही गोष्ट तो हसवत सांगतो.

म्हणून संस्थेने तो फोटोवाला कॅमेरा घेतला तेव्हा प्रफुल्लला आभाळ ठेंगणं झालं. लग्नातल्या फोटोग्राफरकडे असतो तसा जाडजूड कॅमेरा. हातभर नाही, चांगलं दोन हात लांब उभं राहायचं, कॅमेऱ्यातून चिमणीसारखी चिवचिव निघते, दिवे लुकलुकतात, पोर कुतूहलाने बघतं आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांचा नंबर पडद्यावर हजर. हात लावायला नको, रडारड नको. प्लास्टिकची लेन्स असलेल्या पोरांवर तो चालेल का, याची प्रफुल्लला आधी धास्ती होती. कधी त्या लेन्सवरूनच उजेड उलटा फिरतो, कधी बाहुली वाकडी असते, आणि मशीन फसतं. पण भागातल्या अशा इतर पोरांचा नंबर त्याने बॅटरीनेही काढून ताडून पाहिला होता, आणि दोन्हीचं बऱ्यापैकी जुळत होतं. टेकचंदने कॅमेऱ्याचं नाव चिमणी ठेवलं. गुंजनचा शेवटचा नंबर, या मोडलेल्या चष्म्याचा, चिमणीनेच काढला होता. दिवाळीच्या फेरीत चिमणी दुसऱ्या तालुक्यात गेली होती. तेव्हा प्रफुल्लने गुंजनच्या नाकावर चष्मा बघितला, एक ओरखडा नाही म्हणून मंगलीची पाठ थोपटली आणि पुढच्या पोराला बोलावलं.

त्याच्या आधीच्या चष्म्याचा किस्साही इथे सांगायला हवा. तो गुंजनने पाण्याच्या बोअरिंगजवळ पडून मोडला होता. मंगली तुकडे घेऊन आली तेव्हा शिबिरात ही गर्दी. प्रफुल्लला लहर आली. त्याने ती दांडी आणि अर्धी फ्रेम आपल्याच नाकावर चढवली आणि सगळ्यांकडे तोंड फिरवून म्हणाला, “मंगलीताईंच्या घरी चष्मा असा घालतात!” लोक हसून लोटपोट. मंगलीने हात पुढे करून तुकडे परत मागितले होते. त्या हसण्यात ते कोणाच्या लक्षात राहिलं नाही.

तर आता, चष्मा मोडला. नवीन करायचा तर नवीन नंबर हवा. बाकी आया निघून गेल्यावर प्रफुल्लने चिमणी उचलली. गुंजन मंगलीच्या मांडीवर. चिवचिव झाली, दिवे लुकलुकले, आणि मशीनने हात वर केले: बाहुल्या फार बारीक, जमत नाही.

“उजेड लई आहे,” प्रफुल्ल म्हणाला. “खिडक्या बंद कर टेकचंद.”

“खिडक्यांले झडपाच नाई ना सर. नुसते गज हायेत.”

शेवटी शाळेच्या रुचिका मॅडमनी पोषण आहाराच्या तांदळाची रिकामी पोती दिली. टेकचंदने ती गजांना बांधली. वर्गात कोठारासारखा अंधार आणि कोठारासारखाच वास झाला. गुंजनने अंधार बघितला आणि आईच्या मानेत तोंड खुपसलं. मंगली गोंडीत तिच्या कानात हळूच काहीतरी बोलत राहिली. चिमणी पुन्हा चिवचिवली. गुंजनने मान वळवली, आणि आकडे आले.

उजवा डोळा ठीक. थोडा सरकलेला, अपेक्षेइतका. डावा मागच्या वेळी प्लस एक होता. आता मायनस दोन.

प्रफुल्लने पडदा बाहीने पुसला, जणू आकड्यावर धूळ बसली होती. पुन्हा फोटो काढला. मायनस दोन. गुंजनची मान सरळ करून काढला. जरा कमी-जास्त, पण तेच.

“चिमणी बिमार हाय का सर?” टेकचंदने विचारलं.

“तसंच असावं,” प्रफुल्ल म्हणाला. त्याला मनापासून तसंच असायला हवं होतं. मशीन फसलं असेल तर मशीन दुरुस्त होतं. मशीन खरं बोलत असेल तर तो डोळा वाट सोडून भलतीकडे निघाला होता, आणि तो हाका मारायलासुद्धा तिथे नव्हता. खात्री करायची तर दांडीची बॅटरीच हवी.

बॅटरी बघताच गुंजनने श्वास ओढून घेतला. किंकाळी आता येणार, तेवढ्यात टेकचंदने अंधारात तोंडानेच चिवचिव सुरू केली. मध्यम वयाचा, पोवार समाजातला गडी, भरघोस मिशीचा, पोत्यांपाशी उभा राहून चिमणी झाला होता. गुंजन दचकली, मग खुदकन हसली. “डायवरकाका खोटी चिमणी हाये,” ती म्हणाली. त्या हसण्यात प्रफुल्लने काम उरकलं. एक काच, दुसरी काच. टेकचंदचा दम संपायला आला तेव्हा उत्तर आलं.

चिमणीने खोटं सांगितलं नव्हतं.

प्रफुल्लने तपासणीची गोल फ्रेम काढली, तिच्यात नव्या नंबराच्या काचा घातल्या आणि गुंजनच्या नाकावर चढवली. मोठ्या माणसाची फ्रेम ती, तिच्या गालापर्यंत आली.

“चालली पोट्टी चंद्रावर,” टेकचंद म्हणाला. कोणी हसलं नाही.

“मंगलीताई, उजव्या डोळ्यावर हात ठेवा. घट्ट. टेकचंद, दार उघड आणि तिथे उजेडात तुझी टोपी वर धर.”

टोपी लालभडक होती.

“गुंजन, काकाच्या हातात काय आहे?”

गुंजन बघत राहिली. बराच वेळ. “लाल,” ती म्हणाली.

“लाल काय आहे?”

तिने हात पुढे केला, बोटं पसरली, आणि हवेत डावीकडून उजवीकडे हळूहळू फिरवू लागली, पाचोळ्यावरून फिरवावा तसा.

तो हात मंगलीने ओळखला. तिने पोरीच्या डोळ्यावरचा आपला हात काढून घेतला.

“बस झालं,” ती म्हणाली.

पोती सुटली, वर्गात ऊन आलं. प्रफुल्लने मोडका चष्मा मंगलीकडून मागून घेतला. उजवी काच जुळवून काहीतरी करता येतं का, एवढंच बघायचं होतं. दांडी वाकवली तर बिजागरीतून काहीतरी त्याच्या तळहातावर पडलं. तांदळाचा दाणा.

त्याने दाण्याकडे बघितलं. मग चष्म्याच्या नाकावरच्या मऊ गाद्यांकडे. दुकानातून आल्या तशा पांढऱ्याशुभ्र. रोज घातलेल्या चष्म्याच्या गाद्या घामाने पिवळ्या पडतात, हे तो पोरांच्या आयांना सांगत आलेला. मग त्याने गुंजनचं नाक बघितलं. चष्म्याचा वळ कुठेच नव्हता. उन्हाळ्यापासून ज्या चष्म्याचं तो कौतुक करत होता, त्यावर ओरखडा येणार कसा? ओरखडे जगात वावरणाऱ्या चष्म्याला पडतात.

“मंगलीताई, हा चष्मा पोरीनं घातलाच नाही ना?”

“घातला ना. तुमी येता तवा घातला.”

“आणि बाकीचे दिवस?”

उत्तर त्याच्या तळहातावर होतंच. रेशनकार्ड, वाळे, नवऱ्याचा फोटो, आणि त्यांच्या शेजारी तांदळाच्या पोटात गुंजनचा दुमजली चष्मा; गाडी यायच्या दिवशी काढायचा, पदराने पुसायचा, शाळेच्या फाटकाशी पोरीला घालायचा. सणाच्या लुगड्याला इतकं कोणी जपत नाही.

प्रफुल्लला राग आला. तो कधी कोणावर रागवत नसे, त्यामुळे राग कुठे ठेवावा हे त्याला कळेना. तो टेबलावरच्या काचा खोक्यात भरू लागला, चुकीच्या खाचांत भरू लागला.

“डोळा गेला काय?” मंगलीने विचारलं.

विचारलं ते सरळ, भाव विचारावा तसं. पण गुंजनच्या खांद्यावरची तिची बोटं पांढरी पडली होती. टेकचंद उगाच पोती घडी करायला लागला.

“गेला नाही,” प्रफुल्ल म्हणाला. दुसरं कोणी असतं तर इथे त्याने एखादी गंमत पेरली असती. “लाल दिसलं तिला. म्हणजे अजून काही आहे तिथे. पण दिवस थोडे आहेत, ताई. मी काच पाठवतो, नव्या नंबराची. सकाळी उठली की घालायची, झोपताना काढायची. मागून दोरी बांधा. आणि रोज थोडा वेळ उजवा डोळा पट्टीनं झाका, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. ती रडेल. रडू द्या. नागपूरलाही एकदा दाखवून येऊ. मी येतो सोबत.”

“आणि त्यानं होते?”

“मी सांगू शकत नाही.”

मंगलीने मान हलवली. हे उत्तर तिला पटलं असावं. निदान त्यात काही लपवलेलं नव्हतं. एव्हाना गुंजन टेकचंदच्या मागे बाहेर गेली होती; गाडीजवळ ती त्याला चिवचिव करायला लावत होती, आणि तो आजूबाजूला कोणी बघत नाही ना याची खात्री करून करत होता. दूर डोंगराच्या पोटातून मालगाडी चालली होती. तिचा आवाज वर्गात येत राहिला.

प्रफुल्लने मोडकी फ्रेम कागदात गुंडाळली. द्यावी की फेकावी, त्याला ठरवता येईना. शेवटी मंगलीने हात पुढे केला. तिचा हा हात त्याने यापूर्वी एकदा पाहिला होता, असाच, मोडक्या चष्म्यासाठी पुढे झालेला. त्याने पुडी तिच्या हातावर ठेवली आणि मग राहवलंच नाही.

“पण ताई, चष्मा नाकावर ठेवायचा असतो हे तुम्हाला माहीत होतं. मग डब्यात कायले ठेवला?”

मंगलीने पुडी कनवटीला खोचली, पोरीला हाक मारली, आणि दारातून वळून म्हणाली, “डब्यात होता तवर साबूत होता.”